पडदा उष्णतेनं फाटतो का?

हायड्रोजनची गाडी म्हटली की तिच्या पोटात भट्टी पेटलेली असणार, असं पुष्कळांना वाटतं. ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आणि केपीआयटी कंपनी यांनी मोटारीत बसवून ज्या फ्युएल सेलची चाचणी घेतली, तो चालतो अवघ्या ६५ ते ७५ अंश सेल्सिअसला. आत काही जळत नाही. हायड्रोजनचे प्रोटॉन एका पातळ पडद्यातून ऑक्सिजनकडे जातात आणि इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून वळसा घेतात. तीच वीज.

मग एवढ्याशा उष्णतेनं पडद्याचं काय बिघडणार? हा दुसरा गैरसमज, आणि तो जाणकारांतही आढळतो. असा पडदा बहुधा ज्याचा असतो तो, ड्युपॉन्ट कंपनीत वॉल्थर ग्रोट यांनी १९६०च्या दशकात तयार केलेला नॅफिऑन टेफ्लॉनच्या कुळातला. तो विघटित व्हायला अडीचशेहून अधिक अंश लागतात. पण त्याच्या कितीतरी आधी तो मऊ पडतो. २५ अंशांना कोरड्या हवेत असलेला ताठरपणा ८५ अंशांना दमट हवेत साधारण पावपट उरतो. दोन्ही बाजूंनी प्लेटा आवळलेल्या, त्यामुळे मऊ पडदा दाबाखाली हळूहळू सरकत पातळ होत जातो. एखाद्या ठिकाणी सुईच्या टोकाहून बारीक भोक पडलं, की हायड्रोजन थेट ऑक्सिजनला जाऊन भिडतो.

पाण्याचं प्रकरण आणखी गमतीचं. पाण्याशिवाय या पडद्यातून प्रोटॉन नीट जात नाहीत, आणि एरवी पाणी त्याला मऊही करतं. मात्र नव्वद अंशांच्या आसपास चित्र उलटतं: तिथे कोरडा पडदा इतका ढिला पडतो की ओलाच त्याच्यापेक्षा ताठ निघतो.

तरीही पडद्याचा खरा वैरी एकटी उष्णता नव्हे. गिरगावात खोताच्या वाडीतल्या जुन्या घरांची लाकडी दारं आठवा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, चौकट जागा देत नाही, दार अडकतं. उन्हाळ्यात आक्रसून फटी पडतात. पडद्याचंही तसंच. ओला झाला की त्याला पसरायचं असतं, पण प्लेटा पसरू देत नाहीत, म्हणून तो आतल्या आत चेपला जाऊन कायमचा दबतो. वाळला की आखडू पाहतो आणि ताणला जातो. गाडी सुरू-बंद होताना, वेग बदलताना हे पुनःपुन्हा घडतं. अमेरिकेच्या ऊर्जा विभागानं सुचवलेल्या चाचणीत ८० अंशांवर दोन मिनिटं कोरडी आणि दोन मिनिटं दमट हवा अशी वीस हजार आवर्तनं असतात. वीज अजिबात वाहू देत नाहीत, म्हणजे पडदा टिकला नाही तर दोष यांत्रिक थकव्याचा.

‘मग जाड पडदा घाला की!’ जाडी वाढली की प्रोटॉनांची वाट लांबते आणि वीज वाया जाते. म्हणून आता मोटारींसाठी दहा-वीस मायक्रॉनचे पडदे वापरतात, पण त्यांच्या पोटात ताणलेल्या टेफ्लॉनची सच्छिद्र जाळी असते. फुगणं-आखडणं ती रोखून धरते.

तापमान जितकं कमी तितकं चांगलं, हेही खरं नाही. उष्ण सेल हायड्रोजनमध्ये मिसळलेला कार्बन मोनॉक्साइड जास्त सोसतो, शिवाय त्याची उष्णता काढून घेणंही सोपं जातं. २६ सप्टेंबर २०१९ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते सादर झालेली पाच किलोवॉटची प्रणाली अशाच उच्च-तापमानाच्या सेलची. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या (सीएसआयआर) एनसीएलसह काही प्रयोगशाळांनी ती पुण्याची थरमॅक्स आणि मुंबईची रिलायन्स या कंपन्यांसोबत घडवली. अशा सेलमध्ये बहुधा पॉलिबेन्झिमिडाझोल फॉस्फरिक आम्लात भिजवून वापरतात. ते १२० ते १८० अंशांना चालतं, हवा ओलावून द्यावी लागत नाही. इथेही ओढाताण आहेच: आम्ल जास्त मुरवलं तर वीज चांगली वाहते, पण पडदा लिबलिबीत होतो. शिवाय शंभर अंशांखाली पाणी द्रवरूपात साचलं, की ते आम्ल धुऊन नेतं. त्यामुळे सुरू करण्याआधी हा सेल तापवून घ्यावा लागतो. एका जागी बसून तासन्‌तास वीज देणाऱ्या यंत्राला ते चालून जातं; सकाळी घाईघाईत किल्ली फिरवणाऱ्या गाडीवाल्याला नाही.