वस्तुसंग्रहालयातील बोलकी साधने

मंडळी, शाळेची सहल घेऊन तुम्ही कधी वस्तुसंग्रहालयात गेला असालच. तासाभरात सगळी दालने पालथी घालायची, “चला, पुढे चला” असा धोशा लावायचा, आणि गावी परतल्यावर “काय पाहिलंत?” असं विचारलं, की मुलं म्हणतात, “मूर्ती!” पाहिलं पुष्कळ, पण लक्षात काय राहिलं?

यावर पहिला तोडगा रेडिओनेच सुचविला. १९५२ साली आम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात प्रेक्षकांच्या हाती छोटे रेडिओ देऊन माहिती ऐकविली जाई. पण सर्वांना एका वेळी एकच ऐकू येणार. त्यामुळे सगळा घोळका एकाच चित्रापुढे!

आता ही अडचण उरलेली नाही. काही संग्रहालयांत वस्तूजवळ एक लहानशी डबी बसवितात. आपला क्रमांक तेवढा ती बिनतारी लहरींनी सांगत राहते. जवळ येणाऱ्याचा मोबाइल तो क्रमांक ओळखतो आणि त्याच वस्तूची माहिती पुढे करतो. ज्याने त्याने आपल्या सवडीने पाहावे, ऐकावे.

न्यूयॉर्कच्या कूपर हेविट संग्रहालयाने २०१५ साली तिकिटाबरोबर एक विजेरी लेखणीच दिली. वस्तूशेजारच्या पाटीवरील खुणेला ती टेकविली, की त्या वस्तूची नोंद होई. घरी गेल्यावर तिकिटावरच्या इंटरनेट पत्त्यावर आपण टिपलेल्या साऱ्या वस्तू पुन्हा पाहता येत. म्हणजे भेट दाराशी संपत नसे.

मात्र दोन गोष्टींचं भान ठेवा. आपण कोठे, किती वेळ थांबलो, हेही अशी साधने टिपू शकतात. तेव्हा मुलांची नावे किंवा फोन क्रमांक देण्याआधी ते कशासाठी हवेत, हे विचारून घ्या. आणि पडद्याकडे बघता बघता समोरची मूर्ती बघायची राहून जाते, तेही होऊ देऊ नका.

गुरुजींनी एवढं करावं. पाच मुलांमागे एक फोन पुरे. आधी दोन मिनिटे वस्तू नुसती पाहू द्या. ही कशाची? कोणी घडविली? हात का तुटला? असे प्रश्न मुलांनाच काढू द्या. मग फोन उघडा. परतल्यावर प्रत्येकाने एकाच वस्तूविषयी वर्गात बोलावं. फोन नसला तरी वही-पेन्सिलीवर हे साधेल. मग “काय पाहिलंत?” असं विचारून बघा, पोरं बोलायची थांबणार नाहीत!