कामाच्या ठिकाणी रासायनिक बाष्पांच्या संपर्काचे मापन

कामाच्या ठिकाणी रासायनिक बाष्पांच्या संपर्काचे मापन ही औद्योगिक आरोग्यविज्ञानातील एक कार्यपद्धती आहे. कामगार श्वासावाटे किती बाष्प शरीरात घेतो हे ठरवून त्याची तुलना अनुज्ञेय मर्यादेशी करणे, हा तिचा उद्देश असतो. बाष्पाची हवेतील तीव्रता दशलक्षांशात (पीपीएम) किंवा दर घनमीटर हवेतील मिलिग्रॅममध्ये व्यक्त करतात.

पुणे परिसर

पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण येथे वाहने आणि त्यांच्या सुट्या भागांचे उद्योग एकवटले आहेत. दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे रासायनिक व औषधनिर्मिती कारखाने आहेत. रंगकाम, थिनरने भाग पुसणे, रबर चिकटवणे आणि छपाई या कामांत टोल्युइन, झायलीन यांसारखी द्रावके वापरली जातात. त्यांच्या बाष्पांमुळे डोकेदुखी, चक्कर व गुंगी येते आणि दीर्घकालीन संपर्काने मज्जासंस्थेवर परिणाम होतो. बेंझीनमुळे अस्थिमज्जेला इजा होते व रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. वासावर विसंबून धोका ओळखता येत नाही. बेंझीनचा वास जाणवतो तेव्हा त्याची अनुज्ञेय मर्यादा सहसा ओलांडली गेलेली असते.

कायदेशीर तरतुदी

२–३ डिसेंबर १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण त्यात घालण्यात आले. कलम ४१-एफ व दुसऱ्या अनुसूचीने रसायनांच्या संपर्कमर्यादा ठरवल्या. त्या दोन प्रकारच्या होत्या: आठ तासांची कालभारित सरासरी आणि १५ मिनिटांची अल्पकालीन मर्यादा. टोल्युइनसाठी त्या अनुक्रमे १०० व १५० पीपीएम, तर अमोनियासाठी २५ व ३५ पीपीएम होत्या. भोपाळमध्ये गळती झालेल्या मिथाइल आयसोसायनेटची आठ तासांची मर्यादा ०.०२ पीपीएम होती. बेंझीन व तत्सम संयुगांपासून होणारी विषबाधा अधिसूचित रोगांच्या यादीत आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली. संपर्कमर्यादा विहित करण्याचा अधिकार तिने राज्य शासनांकडे दिला. जुन्या अधिनियमात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० व विजेविना २० कामगार असल्यास तो कारखाना ठरत असे. संहितेत या संख्या २० व ४० आहेत. त्यामुळे सुटे भाग रंगवणाऱ्या छोट्या कार्यशाळा कारखान्याच्या व्याख्येबाहेर राहू शकतात. महाराष्ट्रात अंमलबजावणीचे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते.

मापनाच्या पद्धती

खोलीत एका जागी ठेवलेले उपकरण त्या जागेची हवा मोजते. कामगार मात्र बाष्पाच्या उगमाजवळ वाकून काम करत असतो. म्हणून नमुना त्याच्या श्वसनक्षेत्रातून, म्हणजे नाक-तोंडाभोवती सुमारे ३० सेंटिमीटर अंतरातून घेतात. अंगावर बाळगण्याजोगा नमुना संकलक १९६० मध्ये ब्रिटनमध्ये शेरवुड व ग्रीनहाल्ष यांनी मांडला.

सक्रिय संकलनात कमरपट्ट्याला लावलेला बॅटरीवरील पंप कॉलरजवळच्या काचनळीतून हवा खेचतो. नळीत नारळाच्या करवंटीच्या सक्रिय कोळशाचे १०० व ५० मिलिग्रॅमचे दोन थर असतात. प्रयोगशाळेत कार्बन डायसल्फाइडने बाष्प सोडवून वायुवर्णलेखन यंत्राने मोजतात. मागील थरात पुढच्या थराच्या एकदशांशाहून अधिक बाष्प आढळल्यास नळी भरून गेली असे मानून नमुना पुन्हा घेतात. मिनिटाला २०० मिलिलिटर वेगाने ४० मिनिटांत ८ लिटर हवा खेचली आणि १.२ मिलिग्रॅम टोल्युइन सापडले, तर तीव्रता घनमीटरमागे १५० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ४० पीपीएम येते.

निष्क्रिय संकलनात पंप नसतो. छातीवरील बिल्ल्यात बाष्प विसरणाने शिरते. रंग बदलणाऱ्या शोधनळ्या आणि प्रकाश-आयनन उपकरणे तत्काळ वाचन देतात. मात्र प्रकाश-आयनन उपकरणाला मिश्रणातील प्रत्येक घटक वेगळा ओळखता येत नाही.

निष्कर्षांचे आकलन

एखादा कामगार तीन तास १८० पीपीएम व पाच तास ४० पीपीएम टोल्युइनमध्ये राहिला, तर सरासरी (१८० × ३ + ४० × ५) ÷ ८ = ९२.५ पीपीएम येते. ती १०० च्या आत आहे. तरीही पहिल्या तीन तासांत १५० ची अल्पकालीन मर्यादा ओलांडलेली आहे. म्हणून केवळ सरासरी पुरेशी नसते. ज्या कामात बाष्प सर्वाधिक असते त्या वेळचे नमुने स्वतंत्रपणे घ्यावे लागतात. पाळी आठ तासांहून मोठी असल्यास दिवसभरातील एकूण मात्राही वाढते.

मर्यादा व पूरक उपाय

हवेच्या मापनातून त्वचेवाटे होणारे शोषण कळत नाही. त्यासाठी लघवीची तपासणी करतात. टोल्युइनसाठी हिप्पुरिक आम्ल मोजले जाते, परंतु सोडियम बेंझोएट असलेल्या खाद्यपदार्थांनीही त्याचे प्रमाण वाढते. मापनाने संपर्क कमी होत नाही. तो कोठे कमी करायचा ते समजते. मर्यादा ओलांडल्यास कमी घातक द्रावक वापरणे, प्रक्रिया बंदिस्त करणे व उगमाजवळ शोषक वायुवीजन बसवणे हे उपाय प्रथम योजतात. श्वसनमुखवटा हा शेवटचा पर्याय मानला जातो.