खनिजावरणित व्हायरस-लशी

खनिजावरणित व्हायरस-लशी : व्हायरसाच्या कणावर खनिज लवणाचा थर देऊन, किंवा तो कण अशा लवणाच्या सूक्ष्म कणांवर धरून तयार केलेल्या लशी. या दोन रीतींत फरक आहे. पहिलीत खनिज हे कवच असते, दुसरीत ते केवळ वाहक असते.

वाहकाची रीत जुनी आहे. ग्लेनी यांनी १९२६ मध्ये तुरटीने अवक्षेपित केलेले घटसर्पाचे विषाभ अधिक परिणामकारक ठरते, असे दाखविले. पुढे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडाच्या जेलवर प्रतिजनाचे अधिशोषण करण्याची पद्धत रूढ झाली. असे कण भक्षक कोशिका सहज गिळतात व प्रतिपिंडांची निर्मिती वाढते. याचे महाराष्ट्राशी निगडित उदाहरण म्हणजे कोव्हॅक्सीन. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने (स्थापना १९५२) वेगळा केलेला करोना व्हायरस हैदराबादच्या भारत बायोटेक या कंपनीने वाढवून निष्क्रिय केला व अशा जेलसह लशीत वापरला. जेलवर आणखी एक प्रतिक्षमता-उत्तेजक रेणू बसविलेला असतो. लशीच्या आपत्कालीन वापरास जानेवारी २०२१ मध्ये परवानगी मिळाली.

जेलामुळे लस प्रभावी होते, परंतु तिची जपणूक सोपी होत नाही. उलट एक नवी अडचण उद्‌भवते. जेल गोठल्यास त्याचे कण एकमेकांस चिकटून गुठळ्या बनतात आणि वितळल्यानंतरही लस पूर्ववत होत नाही. म्हणून ती २° ते ८° से. तापमानातच ठेवावी लागते. जुन्नर तालुक्यात माळशेज घाटाकडील डिंगोरे यासारख्या गावी लस शीतपेटीतून न्यावयाची असता तिला उन्हाइतकाच बर्फाचाही धोका असतो. पेटीतील बर्फाच्या पिशव्या थोडा वेळ बाहेर ठेवून, आतील बर्फ सुटा झाल्यावरच वापरतात, त्याचे कारण हेच. गोठल्याची शंका आल्यास कुपी हलवून, मुद्दाम गोठवून वितळविलेल्या कुपीशी तुलना करतात. साका तितक्याच लवकर बसला, तर लस टाकून देतात.

कवचाची रीत ही उणीव दुसऱ्या बाजूने भरून काढू पाहते. अंड्याच्या कवचावरून सुचलेल्या या कल्पनेवर चीनमधील जज्यांग विद्यापीठात रुइकांग तांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले. हात-पाय-तोंड रोगाच्या एंटेरोव्हायरस ७१ च्या वेष्टनात त्यांनी जननिक फेरबदलाने कॅल्शियम व फॉस्फेट ओढून घेणारे लघुपेप्टाइड बसविले. योग्य विद्रावात ठेवताच व्हायरस स्वतःभोवती कॅल्शियम फॉस्फेटाचा थर जमवितो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ही लस २६° से. ला नऊ दिवसांहून अधिक व ३७° से. ला सुमारे एक आठवडा टिकली. कोशिकेत शिरल्यावर तेथील अम्लीय पुटिकांत थर विरघळतो व व्हायरस मोकळा होतो; हाडांतील खनिजही याच जातीचे असल्याने शरीराला ते परके नाही.

एका आठवड्याची ही मुदत थोडी वाटेल. तथापि लशीच्या प्रवासातील अखेरचा, बिनविजेचा टप्पा बहुधा याहून लहान असतो. अशी लस सार्वत्रिक लसीकरणात अद्याप आलेली नाही. प्रत्येक व्हायरसाच्या वेष्टनात पेप्टाइडासाठी निर्धोक जागा शोधणे हे त्यातील कष्टाचे काम आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने रोटाव्हायरसाच्या लशीत उष्णतासह्यता साधली, ती मात्र खनिजाने नव्हे, तर गोठवून शुष्क करण्याच्या मार्गाने.