आठव्या महिन्यातले काजवे

दिवाळी झाली की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांत गरोदर बायाही असतात. वाकून मोळी बांधताना डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर सगळा दोष अशक्तपणाला दिला जातो. बारामती-इंदापूरच्या पक्क्या घरांतही उत्तर तेच: ‘दिवस भरत आलेत, होतं असं.’

गरोदरपणातल्या डोळ्यांच्या बऱ्याच तक्रारी खरोखर साध्या असतात. अंगात पाणी साठतं तसं ते कॉर्नियातही साठतं. बुबुळावरचा हा पारदर्शक पडदा किंचित जाड होतो, त्याचा बाक बदलतो आणि चष्म्याचा नंबर सरकतो. डोळे कोरडे पडतात, कॉन्टॅक्ट लेन्स टोचते. बाळंतपणानंतर हे बहुधा आपोआप जागेवर येतं. तोवर लेसरने नंबर काढायला जाऊ नये. नंबर मोठा म्हणून सिझेरियनच करावं लागतं, ही समजूतही सोडून द्यावी. कळा दिल्याने निरोगी डोळ्याचा मागचा पडदा सुटतो असा पुरावा नाही.

काजव्यांचं तसं नाही; त्यांच्यामागे वाढलेला रक्तदाब असू शकतो. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि सोबत लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, की डॉक्टर त्याला प्रीएक्लाम्पसिया म्हणतात. वारेला रक्त नीट पोचत नाही, तिच्यातून आईच्या रक्तात उतरणारे पदार्थ रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवतात. डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या बारीक रोहिण्या आवळल्या जातात. कधी पडद्याखाली पाणी साचून तो उचलला जातो. कधी डोळा ठणठणीत असतो, पण मेंदूचा मागचा, दृष्टीचा भाग सुजतो आणि बाईला काहीच दिसेनासं होतं. वेळेत उपचार मिळाले तर यातल्या बहुतेकींची नजर परत येते. उशीर झाला तर मात्र झटके येऊ शकतात, आणि मग आई व बाळ दोघांच्याही जिवाशी गाठ असते.

उठताना क्षणभर अंधारी येणं वेगळं. बऱ्याचदा त्या क्षणी रक्तदाब उतरलेला असतो. ठिणग्या, काळे डाग, एकाचं दोन दिसणं, सोबत डोकं ठणकणं किंवा चेहरा सुजणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी रक्तदाब मोजायलाच हवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो मोजायला दोन मिनिटं पुरतात. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर महिलांची मोफत तपासणी होते, पण काजवे दिसल्यावर ९ तारखेची वाट पाहू नये. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईने तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा तपासून घ्यावा. गरोदरपणात तिथली इजा झपाट्याने वाढू शकते.

झटक्यांचा धोका प्रसूतीबरोबर लगेच संपत नाही. बाळंतपणानंतरच्या दिवसांतही झटका येऊ शकतो. म्हणून माहेरी आलेली बाळंतीण ‘डोळ्यांपुढं चमकतंय’ म्हणाली, तर तिला झोपवून ठेवू नका, दवाखान्यात न्या.