भाताच्या मुलखात कॅक्टसची माती

पेणमध्ये मातीविषयी बोलायचं तर जरा जपूनच बोलावं. शहरात आणि हमरापूर-जोह्याकडच्या गावांत गणपतीचे कारखाने इतके, की मातीचा गोळा नुसता दाबून 'अजून मळायला हवी' असं सांगणारी माणसं गल्लोगल्ली भेटतात. मूर्तीची शाडूची माती येते गुजरातेतून, भावनगरकडून. तिचा मोठा गुण म्हणजे धरून ठेवणं. ती आकार धरते, पाणी धरते आणि वाळली की टणक होते. तिकडे रोह्याला कुंडलिकेच्या काठच्या भातखाचरांचं कौतुकही याच गुणासाठी. एकदा चिखलणी झाली की पाणी खाली जिरत नाही, आवणाला उभं राहतं. या दोन्ही तालुक्यांत चांगली माती म्हणजे पाणी न सोडणारी माती. ख्रिसमस कॅक्टसला नेमकी तीच चालत नाही.

हिवाळ्यात रोपवाटिकेत गुलाबी, लाल फुलांनी लगडलेलं हे झाड दिसलं की मोह आवरत नाही. घरी आणतो, उन्हाळाभर ते तग धरतं आणि जुलैत मान टाकतं. मग निष्कर्ष ठरलेला : 'कॅक्टस वाळवंटातला, आपल्याकडचा पाऊस त्याला सोसत नाही.' हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. हे झाड वाळवंटातलं नाहीच. त्याचं मूळ घर आग्नेय ब्राझीलमध्ये, रिओ द जानेरोच्या उत्तरेला असलेल्या सेरा दोस ऑर्गाओस या डोंगररांगेतलं. समुद्राकडून येणारे ढग त्या डोंगरांना अडतात, पाऊस भरपूर पडतो आणि झाडं धुक्यात भिजत उभी असतात. वर्णन आपल्या सह्याद्रीचंच वाटेल. तिथे हा कॅक्टस मोठ्या झाडांच्या बेचक्यात, नाहीतर कातळाच्या कपारीत वाढतो. साठलेला पालापाचोळा, शेवाळ, सालीचा भुसा एवढंच त्याच्या मुळांखाली असतं. पाऊस धो धो पडतो आणि क्षणात निथळून जातो. मुळं ओली राहतात, पण बुडत नाहीत.

रोहा आणि मुरूड तालुक्यांत पसरलेल्या फणसाड अभयारण्यात पावसाळ्यात गेलात, तर झाडांच्या खोडांवर ऑर्किडं दिसतील. त्यांचीही तीच तऱ्हा. ती बांडगुळासारखी यजमान झाडाचा रस पीत नाहीत, नुसता आधार घेतात. ख्रिसमस कॅक्टस लावताना निवडुंग विसरून हे ऑर्किड डोळ्यांपुढे ठेवलं, तर निम्मं काम तिथेच होतं.

मग जुलैत कुंडीत होतं काय? चिकण माती ओली झाली की तिच्या कणांमधली हवा जाते. आठ-आठ दिवस ऊन नाही, हवा दमट, त्यामुळे वरूनही काही सुकत नाही. या झाडाची मुळं केसासारखी बारीक आणि उथळ. ती गुदमरतात आणि बुरशी त्यांना गाठते. मूळ मेलं की पाणी वर चढत नाही, म्हणून खालची माती चिंब असतानाही पेरं सुरकुततात. घरातलं कोणीतरी कळवळून म्हणतं, 'तहान लागलीय बिचाऱ्याला,' आणि आणखी तांब्याभर ओततं. असं झाड कुंडीतून काढून पाहा. निरोगी मूळ पांढुरकं आणि चिवट असतं. कुजलेलं तपकिरी असतं, चिमटीत धरून ओढलं की त्याची साल सुटून येते आणि आत नुसता दोरा उरतो. वासही येतो, तुंबलेल्या गटाराचा.

यावर सांगितला जाणारा हमखास उपाय म्हणजे 'तळाशी खडीचा थर द्या.' पिढ्यान्‌पिढ्या हे ऐकत आलोय, तरी तो उपाय उपयोगाचा नाही. बारीक कणांची माती पाणी धरून ठेवते आणि ती पूर्ण भिजल्याशिवाय पाणी खालच्या मोठ्या फटींत उतरत नाही. म्हणजे खडी घातली की पाण्याचा साठा तळाऐवजी खडीच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येऊन बसतो. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, निथळून थांबला की तसाच उभा करा. लगेच आणखी पाणी ठिबकेल. कुंडीतल्या मिश्रणाचंही तसंच असतं : उंची जितकी कमी, तितका ओला भाग जास्त. तेव्हा खडी टाकून कुंडी उथळ करण्यापेक्षा वरपासून खालपर्यंत एकच भरड मिश्रण भरावं. भोकावर खापरीचा एक तुकडा ठेवायला हरकत नाही, मिश्रण वाहून जात नाही एवढंच.

हे मिश्रण विकत घ्यायची गरज पेण-रोह्यात तरी कोणाला पडू नये. पहिली गरज नारळाच्या सोडणाची. त्याचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करायचे, बादलीत भिजवायचे आणि पाणी तपकिरी येणं कमी होईपर्यंत दोन-तीनदा बदलायचं. बाजारातलं कोकोपीट वापरायचं असेल तर हे धुणं जास्तच महत्त्वाचं, कारण काथ्या पुष्कळदा खाऱ्या पाण्यात कुजवलेला असतो आणि त्यातलं मीठ मुळांना जाळतं. शिवाय भुग्यासारखं कोकोपीट एकटं वापरलं तर तेही पाणी धरून बसतं. भरड तुकडेच बरे.

दुसरी वस्तू भाताचं तूस. भातगिरणीत ते मिळतं, आणि पोह्यांच्या या मुलखात तुसाला काय तोटा! कच्चं तूस मात्र घालू नका. ते कुजताना नत्र खातं, आणि राहिलेल्या दाण्यांतून कॅक्टसच्या कुंडीत भाताची रोपं उगवतात. तूस धुमसत ठेवून काळं करायचं आणि पांढरी राख व्हायच्या आत पाणी शिंपून विझवायचं. काळं तूस हलकं असतं, फटी मोकळ्या ठेवतं आणि त्यातल्या सिलिकामुळे लवकर कुजत नाही. पांढरी राख बारीक, फटी बुजवणारी आणि अल्कधर्मी. या झाडाला तर किंचित आम्ल माती लागते, साडेपाच ते सव्वासहा सामू असलेली.

तिसरी वस्तू जांभा. चिऱ्याचं बांधकाम चालू असेल तिथे तासलेल्या तुकड्यांचा ढीग पडलेला असतो. पीठ चाळून टाकायचं आणि हरभऱ्याएवढे खडे ठेवायचे. सच्छिद्र असल्याने ते थोडं पाणी पोटात ठेवतात, बाकीचं सोडून देतात. जांभा नसेल तर भट्टीवरच्या फुटक्या विटा चालतील. रेतीच्या वाटेला मात्र जाऊ नये. खाडीची रेती खारट, आणि बारीक रेती कोणतीही असो, ती फटी भरून टाकते.

चौथा पातेरा. आंब्याफणसाखालचा, वर्षभर ढिगात कुजून काळा झालेला, हातात चुरडला की भुगा होणारा. त्यात बुरशी, वाळवी असायचीच. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात तो ओला करून पारदर्शक प्लास्टिकखाली महिनाभर तापवून ठेवावा.

माझं प्रमाण असं : सोडणाचे तुकडे दोन वाटे, पातेरा एक, जांभा एक, काळं तूस अर्धा, चुलीतल्या कोळशाचा चुरा अर्धा. वर कुंडीमागे मूठभर गांडूळखत आणि चिमूटभर निंबोळी पेंड. ताजं शेण नको आणि शाडू तर नकोच. हे मुद्दाम सांगतो, कारण घरच्या घरी बादलीत विसर्जन करून ती माती झाडांना घालायची चांगली पद्धत आता रुळते आहे. तुळशीच्या मोठ्या कुंडीत किंवा परसात पसरून ती जिरते, पण कॅक्टसच्या वीतभर कुंडीत ती सिमेंटासारखी बसते.

मिश्रण जमलं का, हे मूठ सांगते. ओलं करून मुठीत दाबा आणि मूठ उघडा. लाडू वळला तर सोडण, जांभा वाढवा. विस्कटलं तर ठीक. मग कुंडीत भरून तांब्याभर पाणी ओता. ते पृष्ठभागावर तळं न करता लगेच खालून वाहू लागलं पाहिजे.

कुंडी मातीचीच घ्या, आणि लहान. मुळं थोडी दाटीत असलेली या झाडाला चालतात. मोठ्या कुंडीतलं रिकामं मिश्रण मात्र पावसाळ्यात उगाच ओलं राहतं. जागा पडवीतली, उजेड भरपूर पण दुपारचं ऊन नाही अशी. पागोळ्यांखाली नको, कारण सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो तिथे वळचणीची धार झाडाला पेलवणारी नाही. खारपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर पावसाचं साठवून वापरा. कुंडीच्या काठाला पांढरा थर दिसू लागला की क्षार साठले असं समजून गोड्या पाण्याने मिश्रण धुऊन काढा.

आपल्याकडे घरोघरी असलेलं, पावसाळ्यात रात्री फुलणारं 'ब्रह्मकमळ' हा याच कुळातला, झाडांवर राहणारा कॅक्टस आहे. हिमालयातल्या खऱ्या ब्रह्मकमळाशी त्याचं नातं नाही. ते चिकण मातीतही निभावून नेतं म्हणून लोक ख्रिसमस कॅक्टसलाही तीच माती देतात. पण ते दणकट आहे, हा नाजूक. हेच मिश्रण ब्रह्मकमळाला दिलंत तर तेही जास्त खुलेल.

हा अंक हातात असेल तेव्हा रात्री मोठ्या झालेल्या असतील. कळ्या धरण्यासाठी या झाडाला लांब, अंधाऱ्या आणि गारव्याच्या रात्री लागतात, म्हणून ते आकाशकंदिलाखाली टांगू नका आणि आत्ता त्याची कुंडीही बदलू नका, कळ्या गळतील. सध्या झोडणी चालू आहे, थोड्या दिवसांत गिरण्यांत नवं तूस पडेल. ते आणून ठेवा, सोडणं भिजवा, जांभा चाळा. पातेरा तापवायला पुढचा उन्हाळा लागेल, तोवर जुना असेल तो चार दिवस कडक उन्हात पसरून वापरा. फुलं ओसरली की शिमग्याच्या सुमाराला झाड नव्या कुंडीत हलवा, म्हणजे मृगाच्या आत त्याची मुळं धरलेली असतील.