टाके सुकेपर्यंत



धाराशिव, कळंब, भूम, परंड्याकडच्या पुष्कळ बाया दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. त्याआधी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया उरकायची आणि चौथ्या दिवशी कोयता हाती घ्यायचा, असे करू नका. हलके काम दोन दिवसांनी चालेल. मोळी उचलायची ती दोन आठवड्यांनंतर.

मग तोवर अंथरुणावर पडून राहायचे का? मुळीच नाही! भूल उतरली की त्याच दिवशी कोणाचा तरी हात धरून चार पावले चालावे. नुसते पडून राहिल्याने पायात रक्त साकळू शकते.

खरी भीती जंतूंची. व्हिएन्नाच्या इस्पितळात १८४७ साली डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. घरीही तसेच आहे. साबणाने हात धुतल्याशिवाय जखमेच्या पट्टीला हात लावू नये. शस्त्रक्रियेला आंघोळ करून जावे, पण पोटावरचे केस ब्लेडने काढू नयेत. बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात. जखमेवर हळद, राख, अंगारा काही लावायचे नाही. सासूबाई म्हणाल्या तरी नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळ चालेल, पट्टी मात्र कोरडी ठेवा. सातव्या दिवशी जखम दवाखान्यात दाखवा.

ताप आला, पू किंवा रक्त आले, पोट फुगून दुखू लागले, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

आणि कारभारी, ते दोन आठवडे पाणी तुम्ही भरा. पुरुषाची नसबंदी तर याहून सोपी, त्यात पोट उघडावे लागत नाही. फक्त पुढे तीन महिने निरोध वापरावा.