आल्बमच्या मागच्या खिशातली पट्टी



दिवाळीच्या साफसफाईत आलमारी रिकामी केली की जुना आल्बम निघतोच. त्याच्या मागच्या खिशातून, नाहीतर स्टुडिओच्या जुन्या पाकिटातून, काळपट-तपकिरी पट्ट्या खाली पडतात. आता याचा काय उपयोग, असं म्हणून त्या रद्दीबरोबर जातात. लकडगंजच्या बचत गटांचं काम पाहताना आम्ही हे बऱ्याच घरांत पाहिलं. म्हणून आज सांगायचं आहे ते एवढंच, की ती पट्टी टाकू नका. ती निगेटिव्ह आहे. मूळ तीच, आपल्या हातातला फोटो ही तिची कॉपी.

मोबाइल येण्याआधी लग्न, बारसं, शाळेचं गॅदरिंग सगळं रोलवरच निघायचं. एका रोलमध्ये साधारण ३६ फोटो. रोल धुवायला टाकायचा आणि चार दिवसांनी पाकीट आणायचं. त्या रोलचा एक चौकोन २४ बाय ३६ मिलिमीटरचा, काड्यापेटीपेक्षाही लहान. त्याच्याही आधीच्या आग्फा क्लिक थ्रीसारख्या डब्बा कॅमेऱ्यात एका रोलवर १२च फोटो बसायचे, पण निगेटिव्ह जवळजवळ सहा सेंटिमीटर चौरस. तुमच्याकडे अशी मोठी निगेटिव्ह असेल तर आनंदच माना. आकार मोठा, तितका तपशील जास्त.

निगेटिव्हमध्ये उजेड काळा आणि अंधार पांढरा दिसतो. रंगीत निगेटिव्हवर वरून नारिंगी झाक असते, ती मुद्दाम दिलेली असते. त्यामुळे डोळ्यांना तिथे भुतंच दिसतात आणि बायांना वाटतं की फोटो बिघडला. तो बिघडलेला नसतो. भिंतीवरचा फोटो उन्हाने फिका होतो, आल्बममधला गोंदाने चिकटतो, कोपरे ओलीने उडतात. पाकिटात अंधारात राहिलेल्या पट्टीवर मात्र पदराचा काठ, कपाळावरचं कुंकू अजून शाबूत असू शकतं. गेलेल्या आईचा फोटो मोठा करायचा म्हणून आपण छोट्या फोटोचा मोबाइलने फोटो काढतो, तो मोठा छापतो आणि चेहरा धुरकट येतो. त्याच चेहऱ्याची निगेटिव्ह घरात असेल, तर आधी तिथून सुरुवात करा.

पण तीही कायम टिकत नाही. रंगीत फिल्मचे रंग हळूहळू उडतात. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदीचे कण असतात, ती नीट धुतलेली असेल तर जास्त टिकते. दोन्हींचे शत्रू एकच, उष्णता आणि ओल. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, आणि त्यावर आपण लावतो कूलर. कूलरच्या ओल्या हवेसमोरच्या आलमारीत ठेवलेल्या पट्ट्यांना बुरशी लागते, त्या एकमेकींना चिकटतात. पाकीट उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर समजा फिल्मचा पायाच कुजायला लागला आहे. हे कुजणं मागे फिरत नाही आणि शेजारच्या पट्ट्यांनाही लागतं. अशा पट्ट्या वेगळ्या काढा आणि सगळ्यांत आधी त्यांचंच स्कॅनिंग करून घ्या. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं ते याच कारणासाठी. फिल्म जपली नाही तर जाते. दादासाहेब फाळक्यांचा १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज पूर्ण पाहायला मिळत नाही.

आता हाताळायचं कसं? आपल्या भागात आरा मशीनचा भुसा उडतो, घरात कितीही पुसा, धूळ बसतेच. म्हणून पट्ट्या पंख्याखाली उघडू नका. हात धुऊन कोरडे करा, पट्टी फक्त कडेने धरा. पदराने किंवा ओल्या फडक्याने अजिबात पुसू नका, ओरखडा पडला तर तो फोटोत रेघ होऊन येतो. चिकटलेल्या पट्ट्या ओढून सोडवू नका, तशाच लॅबमध्ये दाखवा.

झेरॉक्सच्या दुकानातल्या साध्या स्कॅनरवर निगेटिव्ह येत नाही. तो कागदावर उजेड टाकून परत आलेला उजेड वाचतो. निगेटिव्हमधून उजेड आरपार जावा लागतो. त्यासाठी झाकणात दिवा असलेला स्कॅनर किंवा खास फिल्मचा स्कॅनर लागतो. तो जुन्या कलर लॅबमध्ये किंवा मोठ्या स्टुडिओत मिळू शकतो. म्हणून जाण्याआधी फोन करून ‘निगेटिव्ह स्कॅन होते का?’ असं स्पष्ट विचारा.

दुसरा प्रश्न, किती डीपीआयवर करणार? डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके वाचले जातात. कागदावर स्वच्छ छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके लागतात. आता गंमत बघा. निगेटिव्ह आहे दीड इंचाहूनही कमी. ती ३०० डीपीआयने स्कॅन केली, तर फोटोही तेवढाच, तिकिटाएवढा छापता येईल. १२०० डीपीआयने केली, तर ४ बाय ६ इंचांचा आल्बमचा फोटो जेमतेम निघेल. २४०० डीपीआयने केली, तर साधारण ७ बाय ११ इंचांचा सुरेख निघेल. तीच फाइल भिंतीसाठी १२ बाय १८ इंचांवरही चालते, कारण तो फोटो आपण लांबून बघतो. म्हणजे साध्या रोलसाठी २४०० सांगा, आणि डब्बा कॅमेऱ्याच्या मोठ्या निगेटिव्हला १२००ही पुरतात. फोटो किती मोठा छापायचा ते आधी ठरवा आणि मग स्कॅनिंगला द्या, उलट नको.

तिसरं, फाइल कशात मिळणार? छपाईसाठी जेपेग फाइल चालते, पण चांगल्या दर्जाची हवी. २४०० डीपीआयची चांगली जेपेग काही एमबीची असते. हातात दोनशे केबीची फाइल आली तर दुकानदाराला विचारा. फाइल व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखी मागवू नका, तिथे ती दाबून लहान होते. पेन ड्राइव्ह न्या किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मोबाइलमध्ये फोटो उघडून तपशील पाहिला की दोन आकडे दिसतात. मोठा आकडा ३४००च्या आसपास असेल तर २४०० डीपीआयचं काम खरं झालं आहे.

दुकानातच फोटो एकदा नीट बघा. निगेटिव्ह उलटी ठेवली गेली तर फोटो आरशातल्यासारखा येतो. पदर कोणत्या खांद्यावर आहे यावरून ओळखू जाल तर फसाल, कारण आपल्या गुजराती शेजारणींचा पदर उजव्याच खांद्यावर असतो. मागच्या पाटीची अक्षरं किंवा पट्टीच्या कडेवरचं कंपनीचं नाव वाचा, ते सरळ वाचता यायला हवं. धुळीचे ठिपके मोठे दिसत असतील तर साफ करून पुन्हा मागा.

स्कॅनर मिळालाच नाही तर? टॅबवर पूर्ण पांढरा पडदा लावा, पट्टी त्याला न चिकटवता थोडी वर धरा आणि खोलीत अंधार करून मोबाइलने जवळून फोटो घ्या. नंतर रंग उलटे करता येतात. भिंतीवरच्या फोटोसाठी हे पुरत नाही, पण कोणत्या पट्टीत कोण आहे हे शोधायला फार कामाचं. आधी शोधा, मग हव्या त्याच चौकोनांचे पैसे द्या.

पैशांचं सांगायचं तर दर फोटोमागे घेतात की पूर्ण रोलमागे, हे आधी विचारा. पाच-सहा घरांच्या पट्ट्या एकत्र नेल्या तर भाव करता येतो. मात्र प्रत्येकीचं पाकीट वेगळं, त्यावर नाव आणि पट्ट्यांची संख्या. पावतीवरही तीच संख्या लिहून घ्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, काम झालं की पट्ट्या मोजून परत घ्या. फाइल मिळाली म्हणून निगेटिव्ह सोडून येऊ नका. पेन ड्राइव्ह बिघडतो, मोबाइल हरवतो. मूळ जवळ असेल तर पुन्हा करता येतं. फाइलही दोन ठिकाणी ठेवा.

कुणाच्या घरात १४ ऑक्टोबर १९५६च्या दीक्षा सोहळ्याची एखादी निगेटिव्ह असेल, तर ती त्या एका घराची राहत नाही. पण साध्या घरगुती फोटोचंही मोल कमी नाही. घराचे कागद बहुतेक पुरुषांच्या नावाचे, आल्बम मात्र बाईनेच सांभाळलेला. आपल्या आज्यांचं नाव कुठल्या सातबाऱ्यावर नसेल, पण चेहरा त्या पट्टीवर आहे.

फोटो छापून आला की सासूबाईंजवळ, आत्याजवळ बसा. डावीकडून कोण उभं आहे, कुणाचं लग्न, कोणतं साल, हे फोटोच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. चेहरा स्कॅनर वाचवतो. नाव मात्र सांगणारं माणूस आहे तोवरच मिळतं.